कोरडवाडीचा उंबरा

“दगडावर तुहं नाव चार बोटं मोठं हाये, इंद्रजीत. ते कोन्त्या लढाईतलं?” मी विचारलं.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलेल्या माणसांनी माना खाली घातल्या आणि हसू मिशीत दाबलं. इंद्रजीत आमचा सरपंच. वय चौतीस, गारखेड्यात प्लॉटिंगचं ऑफिस, आणि शर्ट असा पांढरा की आमच्या काळ्या मातीला लाज वाटावी. त्याला राग येत नाही. त्याच्याशी भांडताना हीच मोठी अडचण.

“तीन निवडणुका लढलो तात्या. दोनदा पडलो. पडलेल्या माणसाला जखमा व्हत नाईत व्हय?”

आता सगळे मोकळे हसले.

दगड म्हणजे काळ्या ग्रॅनाइटची पाटी. चिकलठाण्याहून कोरून आली होती आणि पोत्यात गुंडाळून ओट्याला टेकवली होती. गावातून फौजेत गेलेल्यांची नावं तिच्यावर होती. तीनच नावं. दोघं वारलेले, एक जिवंत. जिवंत म्हणजे बद्रीनाथ फौजी, माझ्या वाड्याशेजारचा. एकाहत्तरची लढाई लढून आलेला, एका कानानं बहिरा, दुसऱ्यानं सोयीपुरतं ऐकणारा. बाकीची जागा सरपंचानं आणि ज्यांच्या शुभहस्ते पडदा उघडायचा त्या पाव्हण्यानं खाल्ली होती.

मला त्या पाटीवर चौथं नाव पाहिजे होतं. सांडू. माझ्या बायकोचा, मनकर्णाचा, थोरला भाऊ. त्याच लढाईत तो गेला. एकवीस वर्षांचा होता, लग्नसुद्धा झालं नव्हतं.

“तात्या, गावाचा दगड हाये. पाव्हण्यारावळ्यांचा नाई,” इंद्रजीत म्हणाला. “त्यायच्या गावानं लावावं त्यायचं नाव. कोन्तं गाव म्हन्ले?”

“कोरडवाडी.”

“मंग कोरडवाडीत लावा ना. म्या येतो हार घेऊन.”

“लावतो. तू होडी दे.”

कोरडवाडी जायकवाडीच्या धरणात गेली, त्याला पन्नास वर्षं होत आली. नाव कोरडवाडी आणि जागा नाथसागराच्या तळाला. माणसं तीन गावांत पांगली. तिन्ही गावांनी म्हटलं, सांडू आमचा नाही, आम्ही इथं आलो तेव्हा तो आधीच गेलेला होता. त्यामुळे त्याचं नाव कुठंच नाही. मेलेला माणूस गावाबाहेरचा कसा काय होतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

“कागद हाये का तात्या काही?”

“तार व्हती. मनकर्णाच्या मायनं देव्हाऱ्यात ठेवली व्हती. उंदरानं खाल्ली.”

“आता उंदराचा दाखला कुठून आनू?” इंद्रजीत म्हणाला, आणि ओटा पुन्हा हसला. मीही हसलो. हसू आलं की भांडण संपतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

मनकर्णा मागच्या कार्तिकात गेली. दवाखान्यात तिनं माझ्याकडं दागिना मागितला नाही, की काशी मागितली नाही. म्हणाली, “आवो, सांडूचं नाव कुठंतरी उन्हात लिहा. लई दिवस पाण्यात राह्यला.” मी हो म्हणालो. पन्नास वर्षांत तिला एवढ्या पटकन हो मी कधीच म्हणालो नव्हतो. तिनं माझ्याकडं संशयानं बघितलं होतं.

तर सरपंचानं नाही म्हटल्यावर मी घरी आलो आणि अंगणातल्या उंबऱ्यावर बसलो.

हा उंबरा म्हणजे दाराचा नव्हे. लिंबाखाली आडवा पडलेला, तीन हात लांबीचा काळा दगड. कोरडवाडी उठली तेव्हा लोकांनी घराची लाकडं नेली, पत्रे नेले, कोणी विहिरीचा रहाटसुद्धा नेला. मनकर्णानं बापाकडं घराचा उंबरा मागितला. आमच्या लग्नाला तेव्हा दुसरं वर्ष. मी बैलगाडी घेऊन गेलो आणि दगड घेऊन आलो. माझी आई दारात उभी होती. म्हणाली, “सुना माहेराहून लुगडं आनतात. हिनं सवत आनली.”

त्या उंबऱ्यावरून सांडू शेवटचा बाहेर पडला होता. मनकर्णा तेव्हा बारा वर्षांची. तो उजवा पाय टाकून गेला, एवढं तिनं पाहिलेलं. त्या दगडावर तिनं कोणाला धुणं धुऊ दिलं नाही. भाऊबीजेला त्याला कुंकू लावायची आणि इतर दिवशी त्याच्यावर बसून चहा प्यायची.

दुसऱ्या दिवशी मी तो दगड ट्रॅक्टरवर घातला आणि वेरूळला नेला. तिथं एक मूर्ती घडवणारा माझ्या ओळखीचा आहे. तो म्हणाला, “बाबा, उंबऱ्यावर नाव कोरू नये. पाय पडतो.”

“उभा रोवायचाय.”

“मंग ठीक. काय लिहू?”

मी सांगितलं. त्यानं लिहून घेतलं आणि वर बघितलं. “एवढंच? जन्माची तारीख, मृत्यूची तारीख?”

“मला म्हाईत नाय. जे म्हाईत हाये तेच कोर.”

चार दिवसांनी दगड परत आला. मी तो नाव खालच्या अंगाला करून होता तिथंच ठेवला आणि वर पोतं टाकलं. माझा विचार एवढाच होता की कार्यक्रम होऊन जाऊ द्यावा, मग आपल्या अंगणात रोवावा. अंगणातही ऊन पडतंच.

आता कार्यक्रमाचं. यंदा दोन ऑक्टोबरलाच सर्वपित्री अमावस्या आली. इंद्रजीतला लोकांनी सांगितलं, पितरपाठात कोणी उद्घाटन करतं का? पण विधानसभेची आचारसंहिता कधीही लागणार होती, आणि पाव्हणा तिकिटाच्या रांगेत उभा असलेला माणूस. “शहिदायचंच काम हाये, पितरायच्या दिवशीच शोभतं,” असं म्हणून इंद्रजीतनं तारीख ठोकली. चौकात फ्लेक्स लागला. त्यात पाव्हण्याच्या शेजारी आमच्या फौजीचा टोपीतला फोटो. गावात जिवंत फौजी तो एकटाच, त्याच्याशिवाय सत्कार कोणाचा करणार?

पण आमच्याकडं पितराच्या दिवशी नुसता घास टाकून भागत नाही. माणूस जेवायला बसवावा लागतो. ज्याचं पितर, त्याच्या नावानं. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, टॉवेल-टोपी द्यायची. ताटावर बसला की उठेपर्यंत तो माणूस मेलेलाच असतो, त्याला हाक मारायची तीही मेलेल्याच्या नावानं. आणि जेवण झालं की घरधन्यानं हात जोडून तीनदा विचारायचं, पोट भरलं का? तो भरलं म्हणाला की पितर तृप्त. तोवर घरातल्या कोणी जेवायचं नाही आणि त्यानंही ताटावरून उठायचं नाही.

सांडूच्या जागी दर साली बद्रीनाथ फौजीच बसायचा. दोघं एकाच पलटणीत होते. मनकर्णा वाढता वाढता दर साली तेच विचारायची, “दादा, मोजे कोन्त्या रंगाचे व्हते?” आणि फौजी दर साली सांगायचा, “हिरवे. महे भिजले व्हते म्हनून बद्रीनाथचे घालून गेलो. वापस नाई आलो.” मग ती खीर वाढायची. एवढंच त्यांचं बोलणं. पण ते झाल्याशिवाय आमचं पितर व्हायचं नाही.

यंदा मनकर्णा स्वतःच पितर झाली होती. अहेव मेलेल्या बाईचं नवमीला घालतात, हे मला ठाऊक आहे. पण मी म्हटलं, बहीण-भाऊ एका पंगतीला बसू द्या. तिच्या जागी सवाष्ण म्हणून करुणावहिनीला सांगितलं. करुणावहिनी फौजीची बायको. म्हणजे नवरा-बायको आमच्या घरात बहीण-भाऊ होऊन बसणार होते.

“पन्नास वर्सांत पहिल्यांदा दोन घंटे सुटका,” वहिनी पाटावर बसत म्हणाल्या. मनकर्णाचं हिरवं लुगडं त्यांना दिलं होतं, ते त्यांनी नेसलं होतं. मी जरा दुसरीकडं बघितलं.

“भावाला असं बोलू नाई,” फौजी म्हणाला.

स्वयंपाकाला सून आली होती, तनुजा. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, कढी, सगळं तिनं केलं. आमटी मात्र मी केली. मनकर्णा म्हणायची, तुमच्या हाताला मिठाचा अंदाज नाय, चुलीपाशी येत जाऊ नका. म्हटलं, आज अडवायला कोण आहे?

पत्र्यावर घास टाकला. कावळ्यासाठी हात जोडून उभं राहायची पाळीसुद्धा आली नाही. पाच-सात कावळे एकदम उतरले. तनुजानं वडे जास्त तळले होते आणि मी हात सैल सोडला होता. गावातले सगळे कावळे आमच्या पत्र्यावर.

दोघं जेवले. मी हात जोडले.

“सांडूदादा, पोट भरलं का?”

फौजीनं पाण्याचा घोट घेतला, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, “नाई.”

मला वाटलं, ऐकलं नसेल. मी त्याच्या चांगल्या कानाशी वाकलो. “पोट भरलं का?”

“नाई म्हन्लं ना. बहिरा तू हाय का म्या?”

तनुजानं वडे आणले. फौजीनं चार खाल्ले. खीर आणली. ती प्याला. मी तिसऱ्यांदा विचारलं. तो मांडी बदलून बसला आणि म्हणाला, “नाई भरलं.”

आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. मी वहिनींकडं बघितलं. त्या पानावरची कुरडई मोडत होत्या. मलाच काही कळत नव्हतं.

अकरा वाजले. चौकातून लाऊडस्पीकरवर देशभक्तीची गाणी येत होती. तेवढ्यात फटफटी वाजली आणि इंद्रजीत घामाघूम आत आला. पाऊस उघडून दोन दिवस झालेले, ऊन असं की सोयाबीनच्या शेंगा उभ्या तडकाव्यात.

“फौजीकाका, चला पटकन. पाव्हने आले. गाडीत बसलेत.”

“काका कोन?” फौजी म्हणाला. “म्या एकवीस वर्साचा हाये. तुहं वय काय?”

“चौतीस... पन काका—”

“मंग तूच महा काका.”

इंद्रजीतनं माझ्याकडं बघितलं. मी हात वर केले. “म्या काय करू बाबा? पितर हाये. पोट भरलं नाय म्हन्तो.”

“बद्रीनाथकाका, मस्करी नका करू. फ्लेक्सवर फोटो हाये तुमचा.”

“बद्रीनाथला सांग, मोजे वापस मिळनार नाईत,” फौजी शांतपणे म्हणाला.

दारात माणसं जमायला लागली. कोणी हसत होतं, कोणी हसणाऱ्याला दटावत होतं. इंद्रजीतनं करुणावहिनींना हात जोडले. “काकू, तुमी तरी सांगा त्यायला.”

“म्या काय सांगू? महा भाऊ तिरपन्न वर्सांनी घरी आला,” वहिनी म्हणाल्या. “आन तू त्याला ताटावरून उठवतो? तुह्या घरी अशीच रीत हाये व्हय?”

त्याच्या घरची रीत तिथंच उभी होती. इंद्रजीतची आई, सत्यभामाबाई, पदर खोचून गर्दीतून पुढं आली. “इंद्रजीता! पितर उपाशी उठवायला निघाला का? सकाळधरून तुह्या आज्याचा घास पत्र्यावर पडलाय. एक कावळा फिरकला नाई. म्या म्हन्लं, कामून? आता कळलं कामून.”

कावळे कुठं होते ते मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. पितराच्या दिवशी कावळ्याची चहाडी करू नये.

इंद्रजीत खाली, फौजीच्या समोर, मातीत बसला. पांढरी पँट घालून. त्याचा फोन वाजत होता, तो त्यानं बंद केला.

“बरं सांडूमामा,” तो म्हणाला. “काय पायजे तुमाला?”

“नाव.”

“तुमी आमच्या गावचे नाईत ना पन.”

“मंग कोन्त्या गावचा? महं गाव दाखव, म्या तिकडं जातो. बहीन या गावात दिली. पन्नास वर्सं तिनं या गावचं पानी भरलं, या गावच्या मातीत गेली. जिथं बहीन, तिथं भावाला पाट तरी मिळतो का नाई?”

एवढं लांब फौजी आयुष्यात कधी बोलला नव्हता. सत्यभामाबाईनं पदर डोळ्याला लावला. इंद्रजीतनं मान हलवली.

“कबूल, मामा. पन पाटीवर बोटभर जागा नाई. कोरनारा आज कुठून आनू? उद्या आचारसंहिता लागली तर म्या दगडाला हात लावू शकत नाई.”

तेव्हा मी लिंबाखाली गेलो आणि पोतं ओढलं. “जरा हात लावा रे,” म्हणालो. चार जणांनी दगड पालथा केला. नाव वर आलं. वेरूळच्या माणसानं अक्षर झकास काढलं होतं.

इंद्रजीत एकदा दगडाकडं, एकदा माझ्याकडं, एकदा फौजीकडं बघत राहिला. “तात्या! तुमी दोघायनं मिळून हे—”

“देवाशपथ, आमचं काई बोलनं झालं नाय.” ते खरं होतं. पण त्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही, आणि अजूनही बसत नाही.

दहा पोरांनी उंबरा उचलला. चौकात पाटीच्या शेजारी खड्डा खणला. दोन दिवसांपूर्वीच्या पावसानं काळी माती अशी नरम होती की पहार लोण्यात जावी तशी गेली. फौजी मात्र पाटावरच. पोट भरल्याशिवाय पितर उठत नाही, आणि दगड बघितल्याशिवाय त्याचं पोट भरणार नव्हतं. शेवटी इंद्रजीतनं चौकातून व्हिडिओ कॉल लावला. तनुजानं फोन फौजीच्या समोर धरला.

“डावीकडं कललाय,” फौजी म्हणाला. “फौजेत असा उभा राह्यला तर शिक्षा व्हते.”

तिकडून पोरांचा आरडाओरडा ऐकू आला. दगड सरळ झाला.

तेवढ्या वेळात मी त्याच्याजवळ वाकलो. “हे कधी ठरवलं रे तू?”

“म्या नाई,” तो हळू म्हणाला. “मागल्या साली खीर वाढताना बहिनीनं सांगितलं. म्हन्ली, दादा, पुढल्या साली म्या नसन. आमच्या ह्यायचं सरपंचापुढं काई चालनार नाई, हे हसून वापस येतील. तुमी उठू नका.”

हसून परत येतील, हेही तिला आधीच ठाऊक होतं.

तीनदा विचारून झालेलं होतं, म्हणून मी चौथ्यांदा विचारलं. “सांडूदादा, पोट भरलं का?”

फौजीनं फोनमध्ये एकदा डोळे बारीक करून बघितलं. “भरलं,” म्हणाला. हात धुतले, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि खिशातून फौजेची टोपी काढून डोक्यावर चढवली. आता तो पुन्हा बद्रीनाथ झाला होता. दाराबाहेर जाताना ओरडला, “कुठाय तो पाव्हना? कवाचा ताटकळत ठेवलाय मला!”

सगळी गर्दी त्याच्यामागं गेली. तनुजाही गेली, व्हिडिओ काढायला. थोड्या वेळानं चौकातून टाळ्या ऐकू आल्या आणि पाठोपाठ स्पीकरवर इंद्रजीतचा आवाज. तो उंबऱ्यावरचं मोठ्यानं वाचत होता. “सांडू. कोरडवाडी. मनकर्णाचा—” तो थांबला. स्पीकर चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळ्या गावानं ऐकलं. “आरं, तात्यानं काकूचं बी नाव घुसवलं की!”

“मनकर्णाचा भाऊ,” एवढंच मी कोरायला सांगितलं होतं. जे मला माहीत होतं ते.

पुन्हा टाळ्या झाल्या. या वेळी जास्त.

घरात मी आणि करुणावहिनी दोघंच. त्या अजून पाटावर होत्या. या गडबडीत त्यांना विचारायचं राहूनच गेलं होतं. हिरवं लुगडं, मांडीवर हात, मान खाली. मी समोर उभा राहिलो आणि हात जोडले.

“मनकर्णा,” मी म्हणालो. तिच्या माघारी या नावानं मी हाक मारली नव्हती. “पोट भरलं का?”

वहिनी काही बोलल्या नाहीत. एका विचारण्यात सांगायचं नसतं.

“पोट भरलं का?”

वरून चिकलठाण्याला उतरणारं विमान गेलं. ते जाईपर्यंत मी थांबलो. मग जोडलेले हात तसेच ठेवून तिसऱ्यांदा विचारलं.

“भरलं,” वहिनी म्हणाल्या. उठल्या, पदर सारखा केला, आणि ताट उचलता उचलता म्हणाल्या, “पन आमटी अळनी व्हती.”

मग मी ताट वाढून घेतलं. आमटी खरंच अळणी होती. मिठाचा डबा हाताशी होता. मी घेतलं नाही.